हरकत क्रमांक ४१७

अध्यक्षांनी तीन मिनिटं दिली होती.
दोन आभारात गेली,
तिसऱ्यात घंटा वाजली.
बाहेर विधानभवनाच्या पायऱ्यांवर
शिपाई डिसेंबरचं ऊन खात उभे होते.
एकानं सलाम ठोकला,
दुसऱ्यानं हात खिशातून काढलाच नाही.
मला दुसरा जास्त खरा वाटला.

बावीस वर्षं. आधी महापालिका, मग इथं.
दाखवता येईल असं: तांडापेठेकडची गटारलाइन,
एक वाचनालय, ज्यात आता कॅरम चालतो,
आणि घाटावरचं शेड.
शेडबद्दल कुणाची तक्रार नाही.
तिथं कुणी प्रभाग विचारत नाही.

जे सभागृहात बोललो नाही, ते असं:

नकाशा ठरत होता त्या साली.
झोन ऑफिसची मागची खोली,
कागद उडू नये म्हणून पंखा बंद,
आणि पाखमोडे इंजिनिअरच्या हातात लाल पेन्सिल.
नियम साधा होता.
रेघ नाल्यावरून न्या, रस्त्यावरून न्या, रुळावरून न्या,
वस्ती फाडू नका.
मी म्हटलं, पाखमोडे, नाल्याच्या जरा अलीकडून घ्या.
जरा.
तर्री-पोह्याची प्लेट मीच पुढे सरकवली.
रश्श्याचा एक थेंब नकाशावर पडला,
त्यांनी तो रुमालानं टिपला
आणि रेघ त्याला वळसा घालून नेली.

एकशे बेचाळीस घरं.
मला मत न देणारी; मला पक्कं ठाऊक होतं.
बाप मागावर बसून काठाचे धागे मोजायचा,
तसे मी बूथचे आकडे मोजायचो, ओठ न हलवता.
आई सुपात तांदूळ निवडायची,
खडे एका बाजूला.
निवडणं आणि निवडणूक,
आपल्याकडे धातू एकच आहे,
हे मला व्याकरणाच्या तासाला कळलं नव्हतं.
तीनशे सहा मतांनी आलो.
गुलालात आईला ओळखू आलो नाही.

ऑगस्टात दुर्पताबाई शेंडे आल्या.
चिखलाचे पाय फाटकाबाहेरच धुतले.
"नाल्यावरची फरशी वाहून गेली, भाऊ.
पोट्टे शाळेत कसे जातीन?"
मी म्हटलं, मावशी,
तुम्ही आता माझ्याकडे येत नाही.
त्यांनी मागे वळून पाहिलं.
माझ्या फाटकातून त्यांचं दार दिसायचं,
दारातलं तुळशीचं डबडंही दिसायचं.
"काहून? आत्ताच तं आली ना मी."

ज्याच्याकडे त्यांनी जायला हवं होतं
तो नगरसेवक नाल्यापलीकडे राहायचा,
आणि पलीकडे जायला
तीच फरशी लागायची.

पुढे फरशी झाली. कुणी केली, मला माहीत नाही.
मी केली नाही.

आता नवा प्रारूप आराखडा भिंतीवर लागलाय.
हरकतींचा शेवटचा दिवस शुक्रवार.
गाडी परत केली, पीए दुसरीकडे लागला,
मी चालत गेलो आणि रांगेत उभा राहिलो.
पुढे मोमिनपुऱ्याचे रफअत अन्सारी,
भूगोलाचे निवृत्त मास्तर, हातात ट्रेसिंग पेपर.
"रेघ मशिदीच्या आणि तिच्या नळाच्या मधून गेली, साहेब.
वजू एका प्रभागात, नमाज दुसऱ्यात."
ते हसले. मीही हसलो,
मग माझं हसू मला ऐकू आलं.
मागे एक मुलगी,
ग्राफपेपरवर अख्खी गल्ली काढलेली,
दर घराला एक ठिपका.
एका ठिपक्याला शेपूट होतं. "तो कुत्रा आहे," म्हणाली,
"तो दोन्हीकडे जातो."

मी लिहिलं होतं स्वतःच्या हातानं, लेटरहेडवर नाही:
ती घरं नाल्याच्या अलीकडे आहेत,
त्यांना अलीकडेच राहू द्यावं.
रेघ कुणी हलवली, कधी, कशासाठी,
तेही खाली लिहिलं, नावासकट.
कारकुनानं न वाचता शिक्का मारला.
चारशे सतरा.

वळताना भिंतीजवळ गेलो, चष्मा वर करून पाहिलं.
नवी प्रत, स्वच्छ, संगणकावर काढलेली.
थेंबाचा डाग कुठंच नाही.
त्याला घातलेला वळसा मात्र
जसाच्या तसा उतरलाय.